जूनमध्ये श्रीलंका: जंगल, समुद्र आणि अनुराधापूर एकाच सुट्टीत जमतं का?

मानेवाडा_एक्सप्रेस | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन श्रीलंकेला जायचं चाललंय. आम्ही पाच जण: मी, बायको, दोन मुलं (एक सातवीत, एक तिसरीत) आणि आई. आई सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे कुरकुरतात पण काठी न घेता चालते. आठ-नऊ दिवस काढता येतील. मेमध्ये ऑफिसात ऑडिट आहे, म्हणून जून.

प्रत्येकाची मागणी वेगळी. मुलांना बिबट्या, हत्ती आणि ब्लू व्हेल, तिन्ही पाहिजेत. बायकोला समुद्र, तोही काठावर बसून बघायचा नाही, पाण्यात उतरायचंय. आईचं एकच म्हणणं, अनुराधापूरचा बोधिवृक्ष. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिकडून आणलेल्या फांद्यांपासून वाढला, हे ती वर्षानुवर्षं ऐकत आली आहे. मूळ झाड एकदा पाहू द्या म्हणते.

टूरवाल्याने कार्यक्रम पाठवला: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एला, याला, मिरिसा, गॉल, बेंटोटा, परत कोलंबो. अनुराधापूर कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, "सर, ते रूटमध्ये बसत नाही, कोणी मागतही नाही." जाऊन आलेल्यांनी जरा खरं-खोटं सांगा.

तर्री_पोहे | रविवार, रात्री १०:०२

भाऊ, कायले एवढा खर्च करता? उमरेड-कऱ्हांडला इथून तासा-दीड तासावर. पोट्ट्यायले वाघ दाखवा, वापसीत अंबाझरीत पाय बुडवा, आईले दीक्षाभूमीवर न्या. तिन्ही कामं एकाच दिवसात.

(मस्करी करून राह्यलो जी. जा बाप्पा. जूनमध्ये इथं काय ठेवलंय, पाऊस येतो येतो म्हणते अन् येत नाही.)

जंगलवेडी | रविवार, रात्री ११:१५

टूरवाल्याचा कार्यक्रम वाईट नाही. तो डिसेंबर ते मार्चचा आहे आणि तुम्हाला जूनमध्ये विकतोय, एवढंच.

श्रीलंका हा दोन पावसाळ्यांचा देश आहे, आणि महिना कोणता यावर अर्धा देश ठरतो. नैऋत्य मोसमी पाऊस मेपासून सप्टेंबरपर्यंत असतो. तो कोलंबो, बेंटोटा, गॉल, मिरिसा हा सगळा पश्चिम-दक्षिण किनारा आणि डोंगरांचा पश्चिम उतार झोडपतो. मधले डोंगर ढग अडवतात, त्यामुळे त्याच वेळी उत्तर आणि पूर्व बाजू कोरडी ठणठणीत असते. अनुराधापूर, सिगिरिया, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ ही ती बाजू. डिसेंबर ते फेब्रुवारी उलटा खेळ: ईशान्येचा पाऊस पूर्वेकडे, आणि मिरिसाला निळंशार पाणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारी गडगडाट दोन्हीकडे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी कोणालाच श्रीलंका सुचवत नाही.

म्हणजे तुमच्या कार्यक्रमातला मिरिसा-गॉल-बेंटोटा हा अख्खा शेवट जूनमध्ये लाल बावट्याखाली जाणार. हॉटेलची खोली स्वस्त मिळेल, समुद्र खिडकीतून दिसेल, आणि पाण्यात कोणी उतरू देणार नाही. उलट "रूटमध्ये बसत नाही" ते अनुराधापूर हाच जूनचा बरोबर रूट आहे. आईंचं ऐका आणि बाकीचं त्याभोवती बसवा. विमानतळ, अनुराधापूर, हबरणा-सिगिरिया, त्रिंकोमाली, कँडी, परत. दक्षिण पूर्ण सोडून द्या.

मानेवाडा_एक्सप्रेस | सोमवार, सकाळी ७:५०

हे भारी सांगितलं. पण बिबट्या याला नावाच्या जंगलात आणि व्हेल मिरिसाला, असंच सगळीकडे वाचलं. दक्षिण सोडली तर मुलांना काय तोंड दाखवू?

पुणेरी_पाहुणा | सोमवार, सकाळी ९:१०

एक शंका. जूनमध्ये शाळा नाहीत का तुमच्याकडे? आमच्याकडे जूनच्या मध्यावर सुरू होतात.

तर्री_पोहे | सोमवार, सकाळी ९:२५

पाहुणे, विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते. आमचं ऊन तुम्ही पाह्यलंच कुठं?

जंगलवेडी | सोमवार, दुपारी १:३०

आणि हाच फायदा आहे विदर्भाचा. उरलेल्या महाराष्ट्राची गर्दी मेअखेरीला घरी परतते तेव्हा आपल्याला पूर्वेचा किनारा मोकळा मिळतो.

आता बिबट्या. तो यालात आहे तसा विल्पट्टूतही आहे, आणि विल्पट्टू अनुराधापूरला लागून आहे, पहाटे निघून सफारी करून दुपारी जेवायला परत. ते श्रीलंकेचं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान. आत 'विल्लू' म्हणतात असे उथळ नैसर्गिक तलाव आहेत, पावसाच्या पाण्याने भरणारे. उन्हाळा वाढला की जनावरं त्यांच्या काठाला येतात. यालात जीप जास्त, गर्दी जास्त, बिबट्या दिसण्याची शक्यताही जास्त. विल्पट्टूत जंगल घनदाट आणि माणसं कमी. मला विचाराल तर विल्पट्टू.

ताडोबात आपल्याला बिबट्या कसा दिसतो? संध्याकाळी बफरमध्ये, रस्ता ओलांडताना, शेपटीचं टोक. वाघाच्या राज्यात तो जीव मुठीत धरून राहतो. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळे बिबट्याच जंगलाचा मालक. मी पाहिला तो नर भर सकाळी उघड्या खडकावर आडवा होता, पुढचे पाय खाली लोंबत, गाड्या आल्या तरी त्याने फक्त कान फिरवला. आमच्या गाडीत सगळे नागपूरचे. कोणी बोलेना. मग मागून एकजण हळूच म्हणाला, "हा तं वाघावानी बसला आहे."

बाकी चितळ, सांबर, रानडुक्कर, मगर, मोर सगळे ओळखीचे. पक्ष्यांकडे मात्र नीट पाहा. रानकोंबडा आपल्या जंगलातला नाही, त्यांचा वेगळा आहे, नारिंगी अंगाचा, तुऱ्यात पिवळा डाग. तोच त्यांचा राष्ट्रीय पक्षी. फक्त तिथेच सापडणारे पक्षी तीसच्या वर आहेत.

आणि जून म्हणजे अस्वलं! तिकडे पालू नावाचं झाड फळतं मे ते जुलैच्या सुमारास. पालू म्हणजे आपली खिरणीच. आपल्याकडची अस्वलं मार्च-एप्रिलात मोहाखाली जमतात, तशी तिकडची खिरणीसाठी चक्क झाडावर चढतात. फांदीवर बसून ओरपत असतात, खाली कोण आलंय याची फिकीर नसते.

लेन्सवाला_कामठी | सोमवार, रात्री ८:४५

विल्पट्टूच्या भानगडीत पडू नका. लहान मुलं आहेत, दोन सफाऱ्यांत काहीच दिसलं नाही तर रडारड होईल. यालाचा ब्लॉक एक, म्हणजे उद्यानाचा पहिला विभाग घ्या, पूर्ण दिवसाची सफारी मिळते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आत. आणि यालाचं जंगल थेट समुद्राला भिडतं, ते दृश्य आपल्या कुठल्याच जंगलात नाही. मधे एका ठिकाणी किनाऱ्यावर उतरू देतात, तिथे २००४ च्या त्सुनामीचं स्मारक आहे.

जंगलवेडी | सोमवार, रात्री ९:२०

समुद्राचं मान्य. पण त्रिंकोमालीहून याला म्हणजे अख्खा दिवस गाडीत. सत्तरीची आई, तिसरीतलं पोर. शिवाय यालात एक बिबट्या दिसला की रेडिओवरून निरोप जातो आणि वीस-पंचवीस जीप एकमेकींच्या बंपरला लागतात. ताडोबात गाड्यांचा आकडा ठरलेला असतो, त्याची किंमत मला तिथे कळली.

लेन्सवाला_कामठी | सोमवार, रात्री ९:३१

पहाटे गेटवर पहिले लागा, गर्दीच्या आधी आत. मी माझ्या मतावर ठाम आहे. बिबट्या बघायला एवढ्या लांब जायचं आणि शक्यता कमी तिथे जायचं, हे मला पटत नाही.

गोकुळपेठ | मंगळवार, सकाळी ६:१५

दोघांच्या भांडणात हत्ती राहूनच गेला.

श्रीलंकेचा हत्ती पाहायचा तर मिन्नेरियाला. राजा महासेनाने तिसऱ्या शतकात बांधलेला तलाव आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत उगवतं, आणि आसपासच्या जंगलांतले कळप तिथे जमतात. भर जुलै ते सप्टेंबर, जूनमध्ये सुरुवात. मात्र अलीकडे वरच्या धरणांतून सिंचनाचं पाणी सोडतात तेव्हा तलाव भरलेला राहतो आणि गवतच उगवत नाही. त्या दिवसांत कळप शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलूच्या जंगलात असतात. म्हणून जंगलाचं नाव हट्टाने धरू नका. हबरणात जीपवाल्याला संध्याकाळी विचारा, "काल हत्ती कुठे होते?" तो सांगेल तिथे जा. मुलांना आधीच सांगून ठेवा की तिथल्या बहुतेक नरांनाही सुळे नसतात, नाहीतर सगळ्या हत्तिणीच आहेत असं वाटेल.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. हबरणात हत्तीवर बसवून फिरवतात, तिथे बसू नका. आणि कँडीच्या वाटेवर पिन्नावालाचं हत्ती अनाथालय आहे, १९७५ मध्ये सुरू झालेलं. हेतू चांगला असेल, पण आता तो साखळ्या आणि तिकिटांचा कारभार झाला आहे, असं माझं मत. अनाथ पिल्लं मोठी करून परत जंगलात सोडण्याचं काम उडवलावेला चालतं, १९९५ पासून. तिथे पिल्लांना हात लावू देत नाहीत, लांबून दूध पिताना पाहायचं. ते दक्षिणेला आहे, तुमच्या वाटेवर नाही, तर सोडा. पण त्या बदल्यात पिन्नावाला नको.

हत्ती आणि माणूस यांचा झगडा तिथे रोजचा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत हबरणाजवळ रेल्वेच्या धडकेने सहा हत्ती मेले. आपल्या गोंदिया-बल्लारशा मार्गावर वाघ मरतात, तोच प्रश्न. गावांभोवती विजेच्या तारा दिसतील, मुलं विचारतील, तेव्हा हे सांगा.

सिव्हिल_लाइन्स | मंगळवार, सकाळी १०:४०

एवढं करण्यापेक्षा केनिया का नाही? जंगल, समुद्र, मसाई संस्कृती, सगळं एकाच देशात आहे. एकदाच खर्च करा, मोठं बघा.

जंगलवेडी | मंगळवार, सकाळी ११:०५

केनिया माझं स्वप्न आहे, पण या धाग्यातल्या घरासाठी नाही. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, दाखला नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढच्या माणसांना ती लस डॉक्टर विचार करूनच देतात. मसाई मारातलं विल्डबीस्टचं स्थलांतर जुलै ते ऑक्टोबर रंगतं, तोवर आपल्या शाळा सुरू. आणि अनुराधापूर केनियात नाही!

समुद्रपक्षी | मंगळवार, दुपारी ३:२०

जन्म नागपूरचा, नोकरीमुळे चेन्नईत, त्यामुळे समुद्रावर बोलायचा अधिकार मला.

व्हेल मिरिसाला नोव्हेंबर ते एप्रिल. मग पावसामुळे समुद्र खवळतो, बोटी जात नाहीत. मे ते ऑगस्ट त्याच व्हेल त्रिंकोमालीच्या बाजूला दिसतात. तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, म्हणून एवढा मोठा प्राणी एवढ्या जवळ येतो. दिसतीलच अशी हमी कोणी देत असेल तर तो खोटं बोलतोय. डॉल्फिनचे थवे मात्र बऱ्याचदा भेटतात.

आधी फवारा दिसतो, दूरवर, धुरासारखा. मग बोटीचं इंजिन मंदावतं. करडी-निळी पाठ वर येते आणि सरकत राहते, सरकतच राहते, संपत नाही. ब्लू व्हेल तीस मीटरपर्यंत वाढतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही. पाठ संपली की छोटासा पंख, आणि नशीब असेल तर शेपूट. नियम शंभर मीटर अंतर ठेवायचा आहे. बोटवाला व्हेलच्या अंगावर बोट घालायला लागला तर तुम्हीच त्याला थांबवा, जास्त पैसे देऊन जवळ न्यायला तर मुळीच सांगू नका. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. आईंना बोटीवर नेऊ नका, चढउतार अवघड असते.

पोहायला निलावेली आणि उप्पुवेली. जूनमध्ये पाणी शांत, वाळू पांढरी, बरंच आत जाईपर्यंत कमरेएवढंच. निलावेलीसमोर पिजन आयलंड आहे, २००३ पासून राष्ट्रीय उद्यान. तोंडाला नळी लावून पाण्यात मान घातली की प्रवाळ आणि मासे. तिथे छोटे शार्क असतात, पंखाला काळं टोक असलेले, माणसाला त्रास देत नाहीत. पोहता येत असलं तरी जॅकेट घाला. अंबाझरी क्लबात पोहणं वेगळं आणि प्रवाह असलेल्या पाण्यात वेगळं. प्रवाळावर उभं राहायचं नाही, तो दगड नाही, जिवंत आहे. सकाळी पहिल्या बोटीने जा, अकरानंतर माणसांची जत्रा.

आणि त्रिंकोमाली शहर चुकवू नका. कडा समुद्रात घुसला आहे, टोकावर कोणेश्वराचं देऊळ. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी १६२२ मध्ये पाडलं, आताचं नंतरचं. देवळाचा रस्ता किल्ल्यातून जातो आणि किल्ल्यात चितळं मोकाट फिरतात. माझ्या पिशवीतलं केळं एका मादीने साल आणि प्लॅस्टिकसकट ओढलं, प्लॅस्टिक तिच्या तोंडातून काढायला मला गुडघ्यावर बसावं लागलं. खायचं काही उघडं ठेवू नका. शहरात तमिळ, मुस्लिम, सिंहली सगळे मोठ्या संख्येने, एका रस्त्यावर कोविल, पुढे मशीद, चौकात पिंपळाखाली बुद्ध. २००९ पर्यंत इथे युद्ध होतं हे चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी सांगतंच. आपण विषय काढू नये, त्यांनी काढला तर ऐकावं.

पुणेरी_पाहुणा | मंगळवार, दुपारी ४:००

शाकाहारी लोकांचं काय?

समुद्रपक्षी | मंगळवार, दुपारी ४:१८

उपाशी राहत नाहीत. भात आणि चार-पाच भाज्या सगळीकडे. डाळ (परिप्पू), कोवळ्या फणसाची भाजी, बीट, वांगं. पण 'पोल संबोल' म्हणजे खोबऱ्याची तिखट चटणी असते तिच्यात सुक्या माशाचा चुरा टाकतात. भाजीतही टाकतात. आधी विचारा, "उंबलकडा नको" म्हणा. त्रिंकोमालीत तमिळ शाकाहारी भोजनालयं आहेत, तिथे निर्धास्त. अप्पम, इडिअप्पम सकाळी. म्हशीचं दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी, ते मी रोज दोनदा खात होतो.

तर्री_पोहे | मंगळवार, दुपारी ४:३०

सावजीवाल्यायनं काय खावं?

समुद्रपक्षी | मंगळवार, दुपारी ४:३३

खेकड्याचा रस्सा. जाफनाच्या पद्धतीचा मागा. घाम फुटेल, हमी माझी.

आजीबाईंचा_बटवा | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

तुमच्या आईंसाठी लिहिते. मी आमच्या वस्तीतल्या बायकांबरोबर गेले होते.

सम्राट अशोकांची कन्या संघमित्रा बोधगयेच्या वृक्षाची फांदी घेऊन आली, राजा देवानांपिय तिस्साने ती अनुराधापुरात लावली. इसवीसनापूर्वी तिसरं शतक. माणसाने लावलेलं आणि कधी लावलं हे माहीत असलेलं जगातलं सर्वांत जुनं झाड म्हणतात. आईंना आधीच सांगा, मोठा घेरदार पिंपळ दिसेल अशी कल्पना करून जाऊ नये. झाड उंच ओट्यावर आहे, सोनेरी कठडा, बारीक फांद्यांना सोनेरी टेकू. खोडापर्यंत जाता येत नाही. खाली वाळूचं अंगण आहे, तिथे बसायचं. लोक पांढऱ्या कपड्यांत, हातात निळी कमळं, कोणी कुजबुजत सुत्त म्हणतंय. आम्ही त्रिशरण म्हटलं. शेजारच्या सिंहली बाईने चमकून पाहिलं, मग तिनेही सूर लावला. शब्द तेच. भाषा एकमेकींची एक अक्षर कळत नव्हती.

तिथून रुवनवेलीसायचा पांढरा स्तूप सरळ पायवाटेने पोचता येतो. जेतवन स्तूपही बघा, विटांचा, एकेकाळी एकशेवीस मीटरच्या आसपास उंच होता. मिहिंतलेला संघमित्रेचे भाऊ महेंद्र थेर धम्म घेऊन आले, तिथे पायऱ्या पुष्कळ आहेत, पण गाडी वरच्या पटांगणापर्यंत जाते, खालून चढू देऊ नका.

चपला, टोप्या सगळ्या बाहेर. दुपारी बाराला फरशी तव्यासारखी तापते, आईंना जाड मोजे न्या, मोजे चालतात. सकाळी सात किंवा संध्याकाळी पाच हीच वेळ. खांदे-गुडघे झाकलेले. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, मुलांना बजावा, सेल्फीची सवय असते.

आणि बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले होते. १९५६ च्या सहा वर्षं आधी. आईंना हे ठाऊक असेलच, पण मुलांना गाडीत सांगा.

मानेवाडा_एक्सप्रेस | मंगळवार, रात्री १०:१०

हे आईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मोज्यांची जोडी आजच कपाटातून बाहेर काढून ठेवली आहे, जायला अजून किती वेळ आहे तरी.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ८:३०

आता पैशाचं बोलू, कारण तिथेच सगळे घसरतात.

नागपूरहून कोलंबोला थेट विमान नाही. चेन्नई, बेंगळुरू नाहीतर मुंबईला बदल. पाच तिकिटं म्हटल्यावर मी चेन्नईपर्यंत रेल्वे बघेन, जीटी आणि तमिळनाडू एक्सप्रेस दोन्ही नागपूरहून जातात. चेन्नई-कोलंबो उड्डाण दीड तासाच्या आत. पण रेल्वे पोचण्याच्या दिवशीच विमान ठेवू नका, मधे एक रात्र चेन्नईत काढा. विमानांची दोन वेगळी तिकिटं असतील तरी हेच: सामान काढून पुन्हा द्यावं लागतं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं.

प्रवासाआधी ईटीए, म्हणजे प्रवेशाचा आगाऊ परवाना, ऑनलाइन काढायचा. शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदललेत, तेव्हा श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळावर त्या दिवशी बघा. शोधलं की वर हुबेहूब दिसणारी खाजगी संकेतस्थळं येतात आणि भरमसाट सेवाशुल्क घेतात. पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा हवा, आईंचा आजच तपासा.

आपल्या रुपयाला त्यांचे साडेतीनच्या आसपास मिळतात. म्हणून बिलावरचा आकडा बघून छातीत धस्स होतं, घाबरू नका. पण राष्ट्रीय उद्यानांचं परदेशी तिकीट डॉलरच्या हिशेबाने असतं, वर सेवाशुल्क आणि कर, आणि जीप वेगळी. पाच माणसांना दोन-तीन सफाऱ्या म्हणजे हॉटेलइतका खर्च होतो. सिगिरियासारख्या पुरातन स्थळांना सार्क देशांच्या नागरिकांसाठी कमी दर असतो. त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ लागतो. यूपीआय तिथे २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, मोठ्या दुकानांत चालतं, जीपवाला आणि नारळवाला यांना रोखच.

गाडी ड्रायव्हरसकट दिवसाच्या भावाने घ्या, पेट्रोल, टोल, त्याची राहण्याची सोय धरून, हे लिहून घ्या. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, आईंना पुढे बसवा. आमचा ड्रायव्हर न विचारता एका मसाल्याच्या बागेत घेऊन गेला, तिथे गुडघ्याचं तेल असं विकलं की माझ्या सासूबाईंनी तीन बाटल्या घेतल्या. किंमत सांगत नाही, घरात अजून वाद आहे. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला प्रेमाने सांगा: रत्नं नको, बाटिक नको, मसाल्याची बाग नको.

गोकुळपेठ | बुधवार, सकाळी ९:१५

गुडघ्याच्या तेलाला अनुमोदन. आमच्याकडेही आहे. तसंच पडून आहे.

संत्रामंडी | बुधवार, दुपारी १२:५०

कोणी एलाच्या रेल्वेबद्दल बोललंच नाही! नऊ कमानींचा पूल, चहाचे मळे, दारात बसून फोटो. श्रीलंकेला जाऊन तेच बघायचं नाही?

जंगलवेडी | बुधवार, दुपारी १:२०

सुंदर आहे, वाद नाही. पण २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या दितवा चक्रीवादळाने त्या डोंगरातल्या रेल्वेमार्गाचं प्रचंड नुकसान केलं. कुठला टप्पा चालू आहे हे बुकिंगच्या दिवशी बघितल्याशिवाय त्यावर कार्यक्रम बांधू नका. शिवाय जूनमध्ये पश्चिम उतारावर धुकं आणि पाऊस. आठ दिवसांत एक गोष्ट सोडायची तर मी हीच सोडेन.

लेन्सवाला_कामठी | बुधवार, दुपारी १:२४

रेल्वे सोडा. याला सोडू नका.

मानेवाडा_एक्सप्रेस | बुधवार, रात्री ९:५५

मंडळी, ठरलं. टूरवाल्याला नाही म्हणून कळवलं. विमानतळाहून उतरलो की पहिली रात्र नेगोंबो, म्हणजे आईला लगेच लांबचा प्रवास नको. मग अनुराधापूर तीन रात्री, त्यातली एक सकाळ विल्पट्टू आणि एक संध्याकाळ मिहिंतले. पुढे हबरणा दोन रात्री, हत्ती जिथे असतील तिथे. सिगिरियाचा खडक मी आणि मुलं चढू, कश्यप राजाने पाचव्या शतकात त्यावर राजवाडा बांधला, हे मोठ्याला पाठ झालंय. आई आणि बायको खालच्या बागेत आणि संग्रहालयात. मग निलावेली तीन रात्री. कँडीला फक्त एक रात्र, बुद्धांच्या दंतधातूच्या मंदिरासाठी, आणि तिथून विमानतळ. रात्री मोजल्या तर सुट्टी निदान दोन दिवस वाढवावी लागतेय, साहेबांशी बोलतो.

लेन्सवालेभाऊ, याला राहिलं. मोठ्याने तुमचा प्रतिसाद वाचून मला "पुढच्या डिसेंबरात" असं लेखी घेतलंय.

आजीबाईंचा_बटवा | बुधवार, रात्री १०:२०

तुमच्या तारखांत जूनची पौर्णिमा येते का ते आधी बघा. ती पोसन पौर्णिमा, महेंद्र थेर आले तो दिवस. अनुराधापूर-मिहिंतलेला लाखोंनी लोक येतात, रस्त्यात जागोजागी फुकट जेवण वाटतात, आपल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला असतं तसं. आईंना ते फार आवडेल, पण खोली मिळणार नाही आणि विल्पट्टूचा रस्ताही तुंबतो. यायचं असेल तर खोली आत्ताच घ्या, नसेल तर आठवडाभर अलीकडे सरका. दर पौर्णिमेला तिकडे सरकारी सुट्टी असते आणि दारू-मटणाची दुकानं बंद, हेही लक्षात ठेवा.

मानेवाडा_एक्सप्रेस | गुरुवार, सकाळी ७:३०

आईला विचारलं. गर्दी चालेल म्हणते, पौर्णिमाच पाहिजे. म्हणजे जूनचा दुसरा आठवडा सोडून तारखा पुढे सरकवतोय, मुलांच्या शाळेचा पहिला दिवस बुडेल बहुतेक. अनुराधापूरची खोली बघायला बसलो तर तलावाजवळची सगळी भरलेली. कोणाला तिथे जिना न चढता मिळणारी, तळमजल्यावरची जागा माहीत असेल तर निरोपातून कळवा.

जंगलवेडी | गुरुवार, सकाळी ८:०५

निरोप पाठवलाय. घरगुती जागा आहे, शहराबाहेर, पण गाडी दारापर्यंत जाते. विल्पट्टूची सकाळ पौर्णिमेच्या आधी ठेवा, नंतर नाही. सुट्टी लागली की स्थानिक लोकही जंगलात येतात.